पैसे देण्याआधी परतीची वाट

संगणकाच्या पडद्यावर दिसणारी प्रत्येक गोष्ट फुकटच असावी, ही समजूत आपल्या मनात इतकी घट्ट बसली आहे की एखाद्या संकेतस्थळाने वर्गणी मागितली, तर ती मागणी आपल्याला थोडी उद्धटपणाचीच वाटते. माझाही पहिला उद्गार अजून 'याचेही पैसे?' असाच असतो. तो ओसरल्यावर मात्र मी एक प्रश्न विचारतो, आणि ती सेवा किती चांगली आहे याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो. उद्या येथून निघायचे ठरवले, तर माझे सामान मला परत मिळेल का, एवढेच मला जाणून घ्यायचे असते.

फुकट सेवांचा स्वभाव आता पुरेसा परिचयाचा झाला आहे. निरनिराळ्या संकेतस्थळांवरचे नवे लेख एके ठिकाणी आणून देणाऱ्या गूगल रीडरच्या वापरकर्त्यांनी कितीही विनवण्या केल्या तरी १ जुलै २०१३ रोजी तो बंद झालाच. वाचक पुष्कळ होते, पण त्यांतला एकही गिऱ्हाईक नव्हता. छायाचित्रे साठवणाऱ्या फ्लिकरने २०१३ मध्ये एक टेराबाइट जागा फुकट देऊ केली आणि मालकी बदलल्यानंतर, २०१९ मध्ये, फुकट खात्याची मर्यादा एक हजार छायाचित्रांवर आणली. गूगल फोटोजमधील अमर्याद साठवणही जून २०२१ पासून थांबली. यात मला फसवणूक दिसत नाही. दुसऱ्याच्या खर्चाने चाललेला पाहुणचार कधीतरी आटोपतो, इतकेच.

म्हणून पैसे दिले की आपण सुरक्षित झालो, असा निष्कर्ष कोणी काढत असेल, तर त्याने मायक्रोसॉफ्टच्या ई-पुस्तकांच्या दुकानाची हकीगत ध्यानात घ्यावी. ते दुकान २०१९ मध्ये बंद झाले आणि लोकांनी रीतसर विकत घेतलेली पुस्तके त्यांच्या उपकरणांवर उघडेनाशी झाली. कंपनीने पैसे परत केले. ज्यांनी समासात टिपणे केली होती, त्यांना थोडी जास्तीची रक्कमही दिली. टिपणांची भरपाई करण्याची ही कल्पना मला एकाच वेळी सौजन्याची आणि विलक्षण विनोदी वाटते. पैसे देणाऱ्याला जाहिराती दाखवल्या जात नाहीत, हा भरवसाही आता उरलेला नाही: अमेरिकेत प्राइम व्हिडिओने २०२४ च्या जानेवारीपासून वर्गणीदारांनाही जाहिराती दाखवायला सुरुवात केली आणि त्या टाळण्यासाठी वेगळे पैसे मागितले.

त्यामुळे माझे पैसे सर्वांत आधी जातात ते स्वतःच्या नावाच्या डोमेनवर, म्हणजे ईमेलच्या पत्त्यात @ च्या पुढे येणाऱ्या नावावर. ही गोष्ट दिसायला किरकोळ आहे, पण तिच्यामुळे ईमेलचा पत्ता माझ्या हाती राहतो. टपाल सांभाळणारी कंपनी मला बदलता येते आणि पत्ता तोच राहतो. डोमेनची नोंदणीसुद्धा एका नोंदणीदार कंपनीकडून दुसरीकडे हलवता येते. बँकेपासून जुन्या मित्रांपर्यंत सगळ्यांच्या वहीत असलेला आपला पत्ता एखाद्या कंपनीच्या मर्जीवर टांगलेला असणे किती धोक्याचे आहे, हे ज्याचे खाते कारण न सांगता गोठवले जाते त्यालाच नीट कळते. ईमेल सांभाळणाऱ्याला आणि दूरच्या सर्व्हरवर माझ्या फायलींची दुसरी प्रत ठेवणाऱ्यालाही मी याच न्यायाने पैसे देतो, कारण दोघांकडूनही सगळा ऐवज सर्वमान्य स्वरूपात उतरवून घेता येतो. पासवर्ड सांभाळणारे ॲप निवडतानाही मी आधी 'निर्यात', म्हणजे सगळे पासवर्ड बाहेर काढून घेण्याची सोय शोधतो, रंगरूप नंतर पाहतो. युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू झालेल्या विदा-संरक्षण (डेटा-संरक्षण) नियमांत आपली माहिती उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्कच दिलेला आहे, आणि जर्मनीत जुलै २०२२ पासून संकेतस्थळावर करार घेता येत असेल, तर तो रद्द करण्याचे बटणही तेथेच ठेवावे लागते. वर्गणी सुरू करायला एक कळ आणि बंद करायला दूरध्वनीवरची विनवणी, अशी व्यवस्था जेथे दिसते, तेथे मी सुरुवातच करत नाही.

चित्रपट आणि संगीत यांबाबत मी फार विचार करत नाही. तेथे माझे सामान असे काही नसतेच; एक महिना घ्यावे, पाहावे-ऐकावे, सोडून द्यावे. वार्षिक सवलतीचा मोह मात्र टाळावा, कारण ती सवलत आपल्या विसरभोळेपणावर पोसलेली असते.

वृत्तपत्रांचे प्रकरण वेगळे आहे. न्यूयॉर्क टाइम्सने २०११ मध्ये वाचनावर मर्यादा घालून वर्गणी मागायला सुरुवात केली, तर गार्डियनने संकेतस्थळावरील लेख सर्वांना खुले ठेवून, ज्याला द्यावेसे वाटेल त्याने द्यावे, अशी भूमिका घेतली. पहिल्याचा हिशेब मला पटतो, पण पैसे दुसऱ्या पद्धतीच्या प्रकाशनाला देताना अधिक बरे वाटते, कारण माझ्या वर्गणीने दुसऱ्या कोणासाठी दार बंद होत नाही. हाच विचार थोडा पुढे नेला की विकिपीडिया आणि १९९६ पासून जुनी पाने जपणारे इंटरनेट आर्काइव्ह यांच्यापाशी येऊन पोहोचतो. दोन्ही ना-नफा संस्थांच्या हाती आहेत, दोन्हींकडे देणग्यांचा मोठा आधार आहे, आणि पैसे न देणाऱ्यालाही तेथे तेवढेच मिळते. माझी परतीच्या वाटेची कसोटी येथे लागूच पडत नाही. तेथून निघून जाण्याचा विचार माझ्या मनात आजवर आलेला नाही, आणि वार्षिक वर्गणीविषयीचा माझा सारा संशय मी फक्त या दोघांपुरता बाजूला ठेवतो.