नळाला पाणी आलं की माशांचा सण

एप्रिलमध्ये फिश टँक घेतला. सोलापुरात, तेही एप्रिलमध्ये. ऑफिसवरून येताना दुकानात लाईट लावलेले टँक दिसले अन् राहवलंच नाही. 2 बाय 1 बाय 1 फूट, काठोकाठ भरला तर 56 लिटर. दुकानदाराने फिल्टर, खडी, हीटर अन् सहा निऑन टेट्रा मासे एकदमच गळ्यात मारले. हीटर! बाहेर 42 डिग्री बे.

घरी चादरींच्या लोखंडी पेटीवर थर्माकोल टाकून टँक ठेवला, नळ नुकताच येऊन गेलेला तेच पाणी ओतलं, कमी पडलं ते बोअरचं घातलं अन् तासाभरात मासे सोडले. आठवड्यात चार गेले.

मग वाचत बसलो. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, त्याचं आधी नायट्राइट मग नायट्रेट करणारे बॅक्टेरिया फिल्टरच्या स्पंजात वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, अन् मी तो स्पंज दर दोन दिवसांनी नळाखाली चकाचक धुवत होतो, म्हणजे जे काय वाढले असतील ते क्लोरीनने मेले. त्यात टेट्रा ॲमेझॉनकडचे, मऊ म्हणजे कमी क्षारांच्या पाण्यातले. आमच्या बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरे थर चढतात, तिथं ते काय टिकणार.

उरलेले दोन मित्राच्या जुन्या टँकमध्ये दिले. पाच आठवडे नुसतं पाणी फिरवलं, बॅक्टेरिया वाढावेत म्हणून रोज चिमूटभर खाद्य टाकून, आलेला पाहुणा विचारायचा मासे कुठंयत. मग चार मॉली आणले, त्यांना जड, क्षारांचं पाणी चालतं.

पाणी चार-पाच दिवसांनी येतं याचा इथं उलट फायदाच झाला. पिंप उघडं ठेवलं की दिवसभरात क्लोरीन उडून जातो, त्यातलं दहा लिटर टँकला, टँकमधलं जुनं तुळशीला. आई तरी म्हणतेच, "माणसांना पुरंना अन् हा माशांना अंघोळी घालतोय."

मे मात्र बेकार गेला. पाणी 34 वर, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो म्हणून मासे सारखे वर येऊन तोंड उघडायचे. टेबल फॅन पाण्यावर लावला, दोन-तीन डिग्री उतरलं, पण रोज तांब्या-दोन तांबे पाणी उडून जायचं. लाईट गेली की मी वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालत बसायचो, खोटं नाही.

आता गड्डा, म्हणजे आमची जानेवारीतली सिद्धेश्वराची जत्रा, सुरू आहे, पहाटे चांगलंच गार असतं, तो हीटर शेवटी लावला. मासे 26 डिग्रीत मजेत आहेत. आमच्या चादरी टँकखालच्या पेटीत.