रात्रीची तिसरी

मी इंग्लंडमधल्या वृद्धांच्या एका केअर होममध्ये नर्स आहे. गेल्या हिवाळ्यातल्या एका सकाळी हँडओव्हर देताना रात्रपाळीची मुलगी रडायला लागली. ३८ रहिवासी आणि रात्री दोघीच. हॉइस्टनं, म्हणजे उचलायच्या यंत्रानं, एखाद्याला उचलायचं तर दोघीही लागतात. वरच्या मजल्यावर दोघी एका आजींना उचलत असताना खाली बारा नंबरचे आजोबा घंटा वाजवत राहिले. शेवटी एकटेच बाथरूमला निघाले आणि पडले. हाड वाचलं, कपाळ फुटलं.

आजोबांच्या मुलाला मीच फोन केला. तो आला, वडिलांचा हात धरून बसला. आवाज चढवला नाही. जाताना खिशातून फीवाढीचं पत्र काढून म्हणाला, "सिस्टर, यासाठी बाबांचं घर विकलं मी. हे पैसे जातात कुठे?"

इथे २३,२५० पौंडांहून जास्त शिल्लक असेल तर केअर होमचा पूर्ण खर्च स्वतःच करावा लागतो. मागे जोडीदार किंवा जवळचं कुणी राहत नसेल तर घरही त्या हिशोबात धरतात. मला उत्तर देता आलं नाही, आणि त्याची लाज वाटली.

मॅनेजरकडे जाऊन रात्रीसाठी तिसरी केअरर पुन्हा मागितली. "बजेट वरून येतं," त्या म्हणाल्या. बाई चांगल्या आहेत, नाताळात स्वतः रात्रपाळी करतात. कायद्यात किती रहिवाशांमागे किती माणसं हा आकडाच नाही, "पुरेसे कर्मचारी" एवढंच आहे. पुरेसे म्हणजे किती, हे आधी कंपनीच ठरवते. तपासणीवाले नंतर येतात.

त्या रात्री मी कंपनीज हाऊसच्या, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, साइटवर आमचे हिशोब उघडले. ते कुणालाही फुकट बघता येतात. होम चालवणारी कंपनी तोट्यात. इमारत तिची नाहीच, समूहातल्याच दुसऱ्या कंपनीची. तिला भाडं जातं. वर मालक आहे एक प्रायव्हेट इक्विटी फंड, म्हणजे गुंतवणूकदारांच्या पैशातून कंपन्या घेऊन नफ्यासाठी पुढे विकणारा. त्यानं आपल्याच कंपनीला कर्ज दिलेलं, व्याजदर दोन आकडी. रोख दिलं नाही तर ते मुद्दलात मिळवायचं. हेच व्याज खर्चात धरल्यामुळे तोटा दिसतो, आणि तोट्याकडे बोट दाखवून आम्हाला माणूस नाकारतात. सगळ्यात वरची कंपनी जर्सी बेटावर, कंपनीज हाऊसच्या कक्षेबाहेर. तिथून पुढे मला काही दिसलं नाही.

केअर होम चालवणारी सदर्न क्रॉस ही कंपनी आठवली. २००४ मध्ये ब्लॅकस्टोन या प्रायव्हेट इक्विटी कंपनीनं ती घेतली, २००६ मध्ये शेअर बाजारात आणली आणि मग बाहेर पडली. होम भाड्याच्या इमारतींत, भाडं दरवर्षी वाढणारं. अनेकांचा खर्च देणाऱ्या स्थानिक कौन्सिलांनी हात आखडला, खोल्या रिकाम्या राहू लागल्या, पण भाडं थांबेना. २०११ मध्ये कंपनी कोसळली तेव्हा तिच्याकडे सुमारे ३१,००० वृद्ध होते. एवढं होऊनही तीच रचना मी माझ्या स्क्रीनवर बघत होते.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. त्याच्याच पत्रामागे चौकोन काढून मी त्याला सगळं दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला.

"म्हणजे आधी भाडं, मग व्याज, आणि काही उरलं तर रात्रीची तिसरी?"

"हो."

"मग आज रात्री मी बसू का इथे?"

मी कुणाला न विचारता लाउंजमधली खुर्ची उचलून बारा नंबरमध्ये नेऊन ठेवली.