१२ इंची ब्लॅक अँड व्हाइट पोर्टेबल टीव्हीची दुरुस्ती : घरकामाच्या मधल्या वेळेत बसवलेलं दिवसभराचं काम

सेट १२ इंची, खटखट फिरणारा व्हीएचएफ ट्यूनर, २३० व्होल्ट आणि १२ व्होल्ट बॅटरी अशा दोन्हींवर चालणारा. तक्रारी तीन : एक काळा आडवा पट्टा पडद्यावरून संथपणे सरकतो, चित्र तळाला दोन बोटं आक्रसलंय, आणि कुठलंही चॅनेल लावलं तरी नुसत्या मुंग्या. तिसरी तक्रार सेटची नव्हेच. दूरदर्शनची जमिनीवरची जुनी प्रक्षेपणं बंद होत गेली, त्यामुळे अँटिनाला पकडायला काही उरलेलं नाही. तिचा बंदोबस्त शेवटी.

असल्या दुरुस्तीत हात चालतो थोडा आणि थांबावं लागतं फार. क्लीनर वाळू द्यायचा, सेट तापू द्यायचा, तापला की पुन्हा थंड होऊ द्यायचा. सलग बसून उरकू पाहणारा नेमकं हे थांबणं गाळतो आणि ट्रान्झिस्टर उडवून बसतो. म्हणून पाणी भरणं, दळण, फिरणं यांच्या मधे काम विभागलेलं बरं.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याचा दिवस असला की सकाळ बॅरल आणि हंड्यांतच जाते. तेवढ्या वेळात फक्त साफसफाई धरायची. बॅक कव्हर उघडण्याआधी प्लग भिंतीतून काढलेला हवा, स्विच बंद असून भागत नाही. ओले हात पूर्ण कोरडे करूनच सेटजवळ जायचं. टेबलावर सोलापुरी चादर चौपदरी घालून सेट काचेवर उपडा ठेवला. तिच्या जाड विणीवर काच सरकत नाही आणि ओरखडाही उठत नाही. पिक्चर ट्यूबची मान सगळ्यांत नाजूक, तिला धरून सेट कधीही उचलू नये. डोळ्यांवर गॉगल असावा.

पहिलं काम ट्यूबमधला चार्ज उतरवणं. या आकाराच्या ट्यूबवर दहा-बारा हजार व्होल्ट असतात आणि सेट बंद केल्यावरही ते टिकून राहतात. एक मेगाओहमचे चार रेझिस्टर ओळीने जोडून वर स्लीव्ह चढवली. एक टोक ट्यूबच्या पाठीवरच्या काळ्या लेपाला टेकलेल्या अर्थच्या वेणीला आणि दुसरं लांब दांड्याच्या इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हरला. तो ट्यूबमध्ये उच्च व्होल्टेजची तार शिरते तिथल्या रबरी टोपीखाली सरकवायचा, दुसरा हात पाठीमागे. पाच मिनिटांनी हेच पुन्हा करायचं, कारण काचेत मुरलेला चार्ज परत वर येतो. अर्थ वेणीलाच द्या, ट्यूनरच्या डब्याला नको.

यंत्रमागाच्या भागात राहिलेल्या सेटांत धुळीपेक्षा कापसाचे तंतू जास्त निघतात. ट्यूबला उच्च व्होल्टेज देणाऱ्या ईएचटी ट्रान्सफॉर्मरभोवती त्यांची लादीच बसते, आणि पावसाळी हवेत ती ओल धरली की चरचर आवाज येऊन ठिणगी उडते. रंगाच्या कोरड्या ब्रशने आधी सुटे तंतू काढले, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती कापडाने टोपीभोवतीची काच पुसली. ओलं फडकं अजिबात नको. ट्यूनरच्या ड्रमवरचे संपर्क त्याच अल्कोहोलने पुसून बटण दोन्ही बाजूंनी पुरेसं फिरवलं. ब्राइटनेस आणि व्हॉल्यूमच्या बटणांमागच्या पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर गेला. आता हे दोन तास उघडं वाळू द्यायचं. दळण आणायला आणि ज्वारीच्या भाकऱ्या उरकायला तेवढा वेळ पुरतो.

व्यायामाची वेळ मात्र बघून ठरवावी. सूर्यनमस्कार किंवा जोर काढल्यावर बराच वेळ बोटं थरथरतात, आणि बारीक पॅडवर सोल्डर करताना ते लगेच जाणवतं. म्हणून व्यायाम सोल्डरिंगच्या नंतर. टेबलावर वाकून बसणाऱ्याने दर पाऊण तासाला उठून खांदे मागे फिरवावेत आणि मान दोन्ही बाजूंना सावकाश वळवावी. उन्हाळ्यात इथे पारा चाळिशीपलीकडे जातो, तेव्हा सिद्धेश्वर तलावाकाठची फेरी पहाटे किंवा दिवेलागणीलाच.

दुपारी ऊन तापलेलं असताना सोल्डरिंग आयर्न तापवू नये, वाचन करावं. बॅक कव्हरच्या आत चिकटवलेला सर्किट डायग्राम फोनवर मोठा करून पॉवर सप्लायपासून सुरुवात केली. पट्टे किती, यावरून दोष कुठे ते बरंचसं कळतं. ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारे चार डायोड) नीट चालत असेल तर रिपल (डीसीत उरलेली एसीची लहर) १०० हर्ट्झचा, म्हणजे पडद्यावर दोन पट्टे. एकच पट्टा असेल तर रिपल ५० हर्ट्झचा, म्हणजे ब्रिजमधला एखादा डायोड तुटलेला आणि सप्लाय अर्ध्या लाटेवर आलेला. इथे पट्टा एकच होता, आणि मीटर लावल्यावर एक डायोड दोन्ही दिशांना ओपन निघाला. ऊन उतरल्यावर चारही बदलले. १एन ४००७ बसतात, पण सेट सव्वा ते दीड अँपियर ओढतो, म्हणून १एन ५४०२ घातले. फिल्टर कंडेन्सर २२०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा होता. ट्रान्सफॉर्मरच्या १६ व्होल्ट एसीचा शिखर व्होल्टेज बावीसपुढे जातो आणि लाइनचा व्होल्टेज वाढला की तो २५ ला टेकतो. त्या जागी २२०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्ट, १०५ अंशांचा. दर दहा अंश उष्णतेला इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य साधारण निम्मं होतं. सोलापूरच्या मे महिन्यात, तेही बंद कॅबिनेटमध्ये, ८५ अंशांचा कंडेन्सर घालणं म्हणजे हेच काम पुन्हा अंगावर घेणं.

तळाच्या आक्रसलेल्या चित्राला व्हर्टिकल आउटपुटपासून योकला (ट्यूबच्या मानेवरच्या गुंडाळीला) जाणारा १००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जबाबदार. तो सुकला की आधी खालच्या ओळी दाटतात, मग दुमडतात. हाइटचा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचं बारीक बटण) फिरवून चित्र ताणू नका, कंडेन्सर बदला. ईएचटी ट्रान्सफॉर्मरच्या पिना, योकचं कनेक्टर आणि हीटसिंकवरचे ट्रान्झिस्टर यांच्याभोवती भिंगातून बारीक गोल चीर दिसते. हाच ड्राय सोल्डर. जुनं सोल्डर पूर्ण ओढून काढल्याशिवाय नवं टिकत नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाची पायरी, आणि हीच बहुतेक जण वगळतात. सेटला सप्लाय देण्याआधी व्होल्टेज ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर एकट्याने तपासायचा. त्यातला २एन ३०५५ ट्रान्झिस्टर शॉर्ट असेल तर वीसएक व्होल्ट सरळ लाइन स्टेजवर (ईएचटी चालवणाऱ्या भागावर) जातात आणि तिथला बीयू ४०७ ट्रान्झिस्टर क्षणात मरतो, कधी ईएचटीही सोबत जातो. पुढच्या सर्किटची तार सोडवून तिथे मोटरसायकलचा १२ व्होल्ट २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब जोडला. तो सेटच्या जवळपास तेवढाच करंट ओढतो. मेन्सच्या बाजूला ६० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये. तो क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भकभक पेटून राहिला तर शॉर्ट आहे. हे झाल्यावर सिरीज बल्ब काढून प्रीसेटने ११ व्होल्ट लावले आणि इंडिकेटर तसाच अर्धा तास जळत ठेवला. आकडा हलला नाही, तेव्हाच तार परत जोडली.

पहिल्यांदा चालू करताना ब्राइटनेस खाली ठेवावा. पडद्यावर एकच झळझळीत आडवी रेघ आली तर व्हर्टिकल स्टेज बंद आहे. लगेच बंद करा, नाहीतर फॉस्फर जळून रेघ कायमची उमटते. इथे पूर्ण, सपाट रास्टर (चित्राविना उजळलेला पडदा) आला.

आता मुंग्यांचं. डीडी फ्री डिशच्या बॉक्सला पिवळा-पांढरा-लाल एव्ही आउट असतो आणि या सेटला एव्ही इनपुट नाही, तेव्हा मधे आरएफ मॉड्युलेटर (एव्हीचं चित्र आणि आवाज अँटिनाच्या सिग्नलमध्ये बदलणारा डबा) लागतो. फसगत होते ती इथे. स्वस्तातले बरेचसे मॉड्युलेटर अमेरिकन चॅनेल ३-४ चे असतात. त्यांच्या चॅनेल ३ चं चित्र ६१.२५ मेगाहर्ट्झवर. आपल्या चॅनेल ४ चं ६२.२५ वर, म्हणून फाइन ट्यूनिंगने चित्र सापडतं. आवाज मात्र येत नाही, कारण त्यांच्याकडे चित्र आणि आवाजात ४.५ मेगाहर्ट्झचं अंतर आणि आपल्या पाल-बी पद्धतीत ५.५. ऑडिओ आयसी बदलून हे सुटणार नाही. ५.५ निवडता येईल आणि व्हीएचएफवर आउटपुट देईल असाच मॉड्युलेटर घ्या. त्याच्या ७५ ओहमच्या केबलपासून सेटच्या दोन स्क्रूपर्यंत ३०० ओहमचा बॅलन (दोन्ही जोडण्या जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) हवा. बॉक्सच्या मेनूत पाल ठेवा, एनटीएससी (अमेरिकन पद्धत) राहिलं तर चित्र वर पळत राहतं.

संध्याकाळी सह्याद्री लावून बॅक कव्हरसह तासभर चालवला. जुन्या मालिकांसाठी हा पडदा खरोखर योग्य आहे. त्या ४:३ मध्येच चित्रित झालेल्या आहेत, चेहरे पडदा भरून आणि त्यांच्या मूळ मापात दिसतात, करड्या छटाही सुरेख उतरतात. काही चॅनेल जुनं चित्र कडेला काळे पट्टे घालून देतात. तिथे बॉक्समध्ये लेटरबॉक्सऐवजी पॅन-स्कॅन निवडलं की चौफेर काळी चौकट जाते. बारीक ठिपक्यांची जाळी दिसते ती रंगाच्या ४.४३ मेगाहर्ट्झ सिग्नलची, दोष नव्हे.

बाकी राहिलं ते एवढंच : पांढऱ्या अक्षरांच्या पाट्या आल्या की आवाजात घरघर येते. मॉड्युलेटरला व्हिडिओ जास्त जोरात जातोय, शिवाय आउटपुटही ट्यूनरला भारी पडतंय. आधी १० डीबीचा अॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) लावून बघायचा. घरघर उरलीच तर पिवळ्या पिनेवर १०० ओहमचा प्रीसेट टाकून पातळी थोडी थोडी उतरवायची.