सोलापूर ते दिल्ली, ब्रेकव्हॅनमधून

नवी टीम जमली की मुलं फळ्यावर रोबोचं चित्र काढतात. चाकं कुठली, पकड कशी, चेंडू कुठवर जाणार, सगळं त्यात असतं. माझा प्रश्न ठरलेला: हा सुटा किती भागांत होणार, आणि त्यातला सगळ्यात मोठा भाग दोघांना उचलता येणार का? नवी मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. जुनी मुलं टेप काढून मापं घ्यायला लागतात.

मी सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये निदेशक आहे. लेथ, फिटिंग, वेल्डिंग हे रोजचं काम, आणि रोबोकॉन या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या रोबो-स्पर्धेत उतरणाऱ्या आमच्या टीमचं सामान तिथपर्यंत धड पोचवणं ही मी आवडीने अंगावर घेतलेली जबाबदारी. कोडिंगमधलं मला फारसं विचारू नका. पण सोलापुरात नीट चालणारा रोबो दिल्लीत उतरल्यावर का चालत नाही, हे मी सांगू शकते.

ही स्पर्धा, डीडी रोबोकॉन, बरीच वर्षं पुण्यात, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात व्हायची. आमच्यासाठी ते सोयीचं होतं. रात्री जेवण उरकून टेम्पो कॉलेजच्या गेटला लावायचा, रोबो जसाच्या तसा उभा चढवायचा, चारी बाजूंनी गाद्या कोंबायच्या आणि मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर करत पहाटेपर्यंत पुणं गाठायचं. अडीचशे किलोमीटर. काही राहिलंच तर मागून एसटीने कुणीतरी घेऊन यायचं. २०१९ साली स्पर्धा दिल्लीला गेली आणि हे सगळं बदललं. टेम्पोचं भाडं परवडेना. रेल्वेने जायचं तर कर्नाटक एक्स्प्रेस आपल्या स्टेशनवरूनच जाते, पण मनमाड, भुसावळ, भोपाळ, झाशी करत एक अख्खा दिवस आणि रात्र प्रवासात जाते. तेवढा वेळ रोबो उभा ठेवून नेता येत नाही. तो सुटाच करावा लागतो, आणि सुटा करायचा तर तसा आधीपासून बांधावा लागतो.

रोबोचं स्वतःचं वजन ही अडचण नसतेच. २०२४ च्या नियमांत टीमचे दोन्ही रोबो बॅटरीसकट मिळून ५० किलोंत बसवायचे होते. पण जादा मोटर, जादा चाकं, ड्रिल, पाने, सोल्डरिंगचं सामान, हवेचा पंप, लॅपटॉप, चार्जर हे सगळं धरलं की रोबो हलका आणि संसार जड, अशी गत होते. स्लीपरच्या तिकिटावर माणशी ४० किलो सामान फुकट नेता येतं, त्यामुळे हत्यारं आणि सुटे भाग मुलांच्या बॅगांत वाटून देता येतात. फ्रेम मात्र डब्यात नेता येत नाही. १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटरपेक्षा मोठी पेटी ब्रेकव्हॅनमध्येच, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यातच, द्यावी लागते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. तिकिटावर लगेज म्हणून बुक केलेलं सामान आपल्याच गाडीने जातं. पार्सल म्हणून दिलेलं सामान जागा मिळेल त्या गाडीने जातं. दोन्हीची पावती मिळते, पण स्पर्धेच्या आदल्या दिवशी नवी दिल्ली स्टेशनवर उभं राहिलं की फरक कळतो. म्हणून तिकिटं सगळ्यांची एकत्र काढा, स्टेशनच्या पार्सल कार्यालयात तास-दोन तास आधी पोचा, आणि प्रत्येक नगावर कुठून कुठे, कुणाचं, हे ऑइलपेंटने ठळक लिहा. चिकटवलेला कागद पावसात टिकत नाही, आणि जुलैमध्ये वाटेत पाऊस लागतोच.

पेटी आम्ही प्लायची करून घेतो, एमआयडीसीतल्या सुताराकडून. पूर्वी तिच्यावर मोठा बाण काढून ‘ही बाजू वर’ असं लिहायचो. एकदा दिल्लीत ब्रेकव्हॅनचं दार उघडलं तर पेटी आडवी, आणि वर कुणाच्या तरी मालाचे गठ्ठे. आतल्या पकडीचा हात मुळातून वाकला होता. घाईने माल चढवणारा माणूस बाण वाचत नाही, तो पेटीचा आकार बघतो. तेव्हापासून आम्ही झाकण उतरतं करतो, म्हणजे वर काही रचता येत नाही. तळाला दोन लाकडी पट्ट्या ठोकतो, म्हणजे हातगाड्यावर सरळच ठेवावी लागते. दोरीच्या मुठी फक्त दोन बाजूंना, म्हणजे दोघांनी धरली की ती उभीच उचलली जाते. आणि एका पेटीचं वजन ४० किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही. जड पेटी लोक उचलत नाहीत, लोटतात.

आत काय भरायचं हे मला टीममधल्या एका मुलीच्या वडिलांनी शिकवलं. सोलापूरच्या पूर्व भागात त्यांचे यंत्रमाग आहेत, टॉवेलचे. फोमच्या शीटवर आमचा खर्च चाललेला बघून ते म्हणाले, “मॅडम, हे कशाला विकत आणता? आमच्याकडं डागी टॉवेल पडलेत, न्या की पोतंभर.” दुसऱ्या दिवशी स्वतःच आले. टॉवेलची घट्ट वळकटी करून कोपऱ्यात कशी ठोसायची, मधली पोकळी कशी बुजवायची, कापडाच्या गाठीला मारतात तशी पॅकिंगची पट्टी आवळून क्लिप कशी दाबायची, हे त्यांनी गप्पा मारता मारता करून दाखवलं. मग पेटी दोन्ही हातांनी धरून जोरात हलवली आणि कान लावला. आतून कसलाच आवाज आला नाही. “आता जाऊ द्या,” म्हणाले. ती परीक्षा आम्ही अजून घेतो. आवाज आला की पेटी पुन्हा उघडायची.

फ्रेम पेटीत चाकांवर उभी करायची नाही. खाली लाकडी ठोकळे लावून ती चेसिसवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, टेकवायची आणि चाकं अधांतरी ठेवायची. नाहीतर रुळांच्या सांध्यांवरचा प्रत्येक धक्का बेअरिंगवर बसतो, आणि दिल्लीत चाक हाताने फिरवलं की खरखर लागते. नट सगळे नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, सहजी सैल न होणारे. तरी प्रत्येक नट-बोल्टवर पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायची, अर्धी नटावर, अर्धी फ्रेमवर. पेटी उघडल्यावर पाना हातात घेण्याआधी टॉर्च मारून त्या रेघा बघायच्या. जिथे रेघ तुटलेली दिसते, तो नट फिरलाय. हे काम मी सगळ्यात शांत मुलाला देते, कारण घाईत रेघ तुटलेली असूनही सरळ दिसते.

बॅटऱ्या ब्रेकव्हॅनमध्ये कधीच द्यायच्या नाहीत. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी फुगली किंवा तापली तर तिथे बघायला कुणी नसतं. निघण्याआधी बॅटरीतला प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणायचा, पूर्ण चार्ज करून न्यायचं नाही. कनेक्टरवर टोपण, टोपणावर टेप, प्रत्येक बॅटरी वेगळ्या अग्निरोधक पिशवीत, आणि पिशव्या जागं राहणाऱ्या माणसाजवळ. विमानाने जाणाऱ्या टीमने आधी गुणाकार करून बघावा: २२.२ व्होल्ट, ५ अँपिअर-तास म्हणजे १११ वॉट-तास. १०० वॉट-तासांपर्यंतची सुटी बॅटरी केबिन बॅगेत चालते, १०० ते १६० मधल्या बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागते, आणि त्याही माणशी दोनच. चेक-इनच्या बॅगेत सुटी बॅटरी चालतच नाही. रोबोच्या दाबलेल्या हवेच्या बाटल्याही रिकाम्या करून, झडप उघडी ठेवून न्यायच्या.

एवढं वाचून कुणाला वाटेल की बाई रोबोपेक्षा पेटीचंच कौतुक करतात. करते, आणि मनापासून करते. आमची मुलं वर्षभर रात्री-रात्री वर्कशॉपमध्ये बसतात. घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणून तिथेच जेवतात. दिल्लीतल्या टीमचा काही भाग मोडला तर ते तासाभरात लॅबमधून दुसरा आणतात. आमची लॅब हजार किलोमीटरच्याही पलीकडे असते. त्यामुळे आमच्यासाठी न मोडता पोचणं हाच स्पर्धेचा पहिला सामना असतो आणि तो इथे, सोलापुरातच, पॅकिंगच्या टेबलावर खेळला जातो.

लातूर, सांगली, नांदेडकडच्या टीमनी परतीचाही विचार निघण्याआधीच करावा. शेवटची मॅच झाली की मुलं थकलेली असतात, हरली असतील तर बोलायलाही तयार नसतात, आणि सगळं कसंबसं पेटीत कोंबलं जातं. माझ्या बघण्यात जास्त मोडतोड येतानाच होते. म्हणून पेटीच्या झाकणाला आतून एक यादी आणि भरलेल्या पेटीचा फोटो लावून ठेवा. आधी बॅटऱ्या पुन्हा ३.८ वर, मग हवा सोडणे, मग यादीच्या क्रमाने सामान. पुढच्या वर्षीच्या टीमला त्याच मोटर लागणार आहेत.