सायकल विकायला आलेले काका

मार्केट यार्डात धान्याचा व्यापार करणारे एक काका जुलैतल्या एका सोमवारी माझ्या सायकलच्या दुकानात आले आणि सायकल दाराला टेकवून म्हणाले, "ही विकून टाका. जे येतील ते द्या."

सायकल चांगली होती, डोंगरावर चालवायची माउंटन बाइक. साडेसत्तावीस इंची चाकं, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, पुढे धक्के झेलणारा सस्पेन्शनचा फोर्क. पुतण्याने नवी घेतल्यावर ही काकांकडे आली होती. साखरेसाठी डॉक्टरांनी व्यायाम सांगितल्यापासून ते रोज पहाटे सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येत. माझं दुकान त्याच रस्त्यावर असल्यामुळे मी त्यांना पाहत होतो.

"एवढी छान चाललीय, मग विकता कशाला?"

उत्तर न देता त्यांनी खिशातून दहाच्या नोटांचं बंडल काढलं, डाव्या हाताच्या करंगळी आणि अनामिकेत धरलं आणि मोजायला सुरुवात केली. थोड्याच नोटा सरकल्या आणि बंडल बोटांतून सुटून माझ्या काउंटरवर पसरलं.

"उभं आयुष्य गल्ल्यावर गेलं हो. नोटा मोजताना हाताकडे कधी बघावं लागलं नव्हतं. आता ही दोन बोटं माझी राहिलीच नाहीत. साखर नसांवर आली, दुसरं काय. त्यात ब्रेक दाबायला बोट उशिरा उठलं तर?"

मी नोटा गोळा करता करता विचारलं, "पायांना मुंग्या येतात का?" नाही म्हणाले. "अंगठा, तर्जनी?" तीही ठणठणीत. दोन्ही हातांची फक्त शेवटची दोन बोटं, डावी जास्त. माझ्या वडिलांनाही साखर होती, त्यांचा बधिरपणा तळपायांपासून सुरू झाला होता आणि बहुतेकांचं तसंच होतं. पाय शाबूत आणि हाताची नेमकी हीच दोन बोटं गेलेली असं दिसलं, की माझी नजर आधी हँडलकडे जाते. कोपर टेबलाला आपटल्यावर झिणझिण्या आणणारी अल्नार नस तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्याखालून, गायॉन कॅनाल नावाच्या अरुंद वाटेने बोटांत उतरते. करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू तिच्याकडे. सायकलवर अंगाचा भार नेमका त्याच उंचवट्यावर पडत राहिला तर ती दबते. हे फार जुनं दुखणं आहे, डॉक्टर त्याला 'हँडलबार पाल्सी' म्हणतात.

"काका, डॉक्टरांना हात दाखवा, नसेची तपासणी करून घ्या, ते टाळू नका. पण सायकल आज विकायची नाही. तासभर बसा."

सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागेवरच पॅडल मारता येतं अशा स्टँडवर चढवली, काकांना वर बसवलं आणि मी नुसता बाजूला उभा राहून बघत राहिलो. आमच्या धंद्यात हेच सगळ्यात कमी होतं. हात दुखतात म्हटलं की जेलचे हातमोजे काढून दाखवायचे, नाहीतर हँडलच्या मुठींवरच्या जाड फोमच्या ग्रिप. काकांनाही कुणीतरी दोन्ही विकलं होतं. मला याचा मनापासून राग येतो. गादी कितीही जाड घातली तरी मनगट वाकडं असेल तर नस दबायची ती दबतेच, आणि माणूस बिचारा आपल्या वयाला दोष देत बसतो.

पॅडल मारायला लागल्यावर दोन मिनिटांत सगळं दिसलं. सीटचं नाक खाली झुकलेलं, त्यामुळे काका सारखे पुढे घसरत होते आणि घसरण हातांनी थोपवत होते. हँडल सीटपेक्षा चांगलं पाच-सहा सेंटिमीटर खाली. ब्रेकचे लिव्हर जमिनीला समांतर, म्हणून बोटं त्यांच्यावर ठेवली की मनगट वर मुडपायचं. टायर दगडासारखे. गेज लावला तर हवेचा दाब साठ पीएसआय, सव्वादोन इंची टायरमध्ये! आणि रस्त्यावर वेग जातो म्हणून पुतण्याने फोर्क लॉक करून दिलेला. म्हणजे वडगाव ते खडकवासला रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट तळहातात.

मुख्य गोष्ट मात्र हँडलच होतं. ७८० मिलिमीटर रुंद, अगदी सपाट, टोकं मागे वळल्याचा कोन, ज्याला आम्ही बॅकस्वीप म्हणतो, जेमतेम पाच अंश. काकांच्या दोन्ही हातांत मी एकेक स्क्रूड्रायव्हर दिला. "डोळे मिटा. सायकलवर बसल्यासारखे हात पुढे करा आणि हे सैल धरा." मग उघडायला सांगितले. दोन्ही स्क्रूड्रायव्हरची अंगठ्याकडची टोकं आत-पुढे आणि करंगळीकडची बाहेर-मागे वळलेली. कुणाचीही मूठ अशीच तिरपी मिटते, कारण करंगळीचं मूळ तर्जनीच्या मुळापेक्षा मागे असतं. मी स्क्रूड्रायव्हर धरून ते सरळ रेषेत आणले, तसं मनगट अंगठ्याकडे वळलं आणि तळहाताची करंगळीकडची कड पुढे दाबली गेली.

"इथंच," काका एकदम म्हणाले. "इथंच दुखतं."

मग अशी सरळ, लांब हँडलं बनवतात तरी कशाला, असं त्यांनी विचारलं. रास्त प्रश्न होता. माउंटन बाइक जन्मली कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत, १९७० च्या दशकात. जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन पोरं डोंगरावरून खाली सुटायची, तेव्हा हँडल रुंद आणि उंच होतं. नव्वदच्या दशकात शर्यतींच्या नादात ते ५८० मिलिमीटरपर्यंत अरुंद झालं आणि आता पुन्हा ८०० पर्यंत आलंय. उतारावर माणूस पॅडलवर उभा असतो, कोपरं बाहेर फाकलेली असतात. कोपर बाहेर गेलं की हाताची रेषाच बदलते आणि सरळ हँडलवरही मनगट सरळ राहतं. शिवाय रुंद हँडलने चाक दगडगोट्यांत ताब्यात राहतं. काका मात्र पूर्ण वेळ बसून, कोपरं खाली सोडून चालवणार. त्यांच्यासाठी तेच हँडल म्हणजे शिक्षा. आपल्या दूधवाल्यांची काळी सायकल आठवा. हँडलची टोकं पार मागे, स्वाराच्या दिशेने आलेली, पाठ ताठ. दोन्हीकडे किटल्या लावून वर्षानुवर्षं चालवायचे.

पुतण्याने फोनवरून सुचवलं, कार्बनचं हँडल टाका. कार्बन थरथर थोडी खातो हे खरं, पण मनगटाचा कोन तो बदलत नाही आणि किंमत डोळे पांढरे करणारी. आहे तेच हँडल कापून आखूड करणं सगळ्यात स्वस्त पडलं असतं, पण मग रुंदीचा प्रश्न सुटतो, कोन तसाच राहतो. भिंतीवर जोन्स कंपनीचं एच-बार नावाचं हँडल टांगलेलं होतं, ४५ अंश मागे वळलेलं. काकांना ते हातात धरून फारच आवडलं, पण त्याने मूठ इतकी मागे येते की या फ्रेमवर गुडघ्यांजवळ पोचली असती.

शेवटी निवडलं ते साधं ॲल्युमिनियमचं, १६ अंश बॅकस्वीप, ३० मिलिमीटर उंची, पकडीच्या जागी जुन्याइतकंच, ३१.८ मिलिमीटर जाड. रुंदी ठरवायला काकांना भिंतीला तळवे लावून ढकलायला सांगितलं. जोर लावताना हात आपोआप जिथे स्थिरावले तिथे दोन्ही बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजलं आणि हँडल ७२० वर कापलं. मागे वळलेल्या हँडलने मूठ दोनेक सेंटिमीटर जवळ येते. एरवी मी लांब स्टेम, म्हणजे हँडल धरून ठेवणारा पुढचा तुकडा, टाकून ते भरून काढतो, पण काका आधीच ताणले जात होते, म्हणून स्टेम तोच ठेवला. ब्रेकची नळी नव्या उंचीला पुरली, हे नशीब. ती बदलायची तर ब्रेकच्या तेलातली हवा काढण्यात दुपार गेली असती.

स्टेमचे चारही बोल्ट आलटून पालटून, वर-खाली फट सारखी ठेवत पाच न्यूटन मीटर इतक्याच जोराने कसले. लिव्हर खाली वळवले, इतके की बोट, मनगट आणि कोपर एका रेषेत यावं. ग्रिप सगळ्यात शेवटी, मागे पंखासारखा सपाट भाग असलेल्या. हा पंख कोन ठरल्यावरच कामाचा, आणि तोही हाताच्या उतारानेच बसवावा लागतो. जरा वर राहिला तर नसेतच रुततो. सीट पातळीत आणली, टायर तिशीवर उतरवले, फोर्क मोकळा केला.

पाऊस थांबला होता. काका राजाराम पुलापर्यंत जाऊन आले. हात झटकले नाहीत. उतरल्यावर पहिलं वाक्य, "अहो, ही वेगळीच सायकल आहे." बोटं मात्र तशीच बधिर होती, आणि ते मी आधीच बजावलं होतं. दबलेली नस सावकाश मोकळी होते, महिने लागतात. तोवर रोज जायचं नाही, दर दहा-पंधरा मिनिटांनी हाताची जागा बदलायची.

तपासणीत दाब मनगटापाशीच निघाला. डॉक्टरांनी रात्री बांधायला पट्टा दिला आणि सायकल बंद करायला सांगितली नाही, फक्त कमी करायला सांगितली. दिवाळीच्या आधी काका दुकानात आले तेव्हा उजवा हात पूर्ण सुधारला होता. डाव्या करंगळीच्या टोकाला अजून जरा जाड लागतं म्हणाले.

उरलं ते ७८० चं हँडल. ते पुतण्याच्या नव्या सायकलवर चढवलं. तो रविवारी वेताळ टेकडीवर उभा राहून, कोपरं फाकवून उतरतो. त्याचं आधीचं ६८० चं होतं, त्याला हेच हवं होतं.