रेड हाउस, बेक्स्लीहीथ: आधी बाहेरून एक फेरी मारा

लंडनच्या व्हिक्टोरिया किंवा चेरिंग क्रॉसहून बेक्स्लीहीथची गाडी पकडायची, प्रवासाला पाऊण तास धरायचा. स्टेशनपासून घर साधारण सव्वा किलोमीटर, पायीच जा. कार नेलीत तर ती डॅन्सन पार्कला लावून चालावंच लागतं. घर २००३ पासून नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे ब्रिटनमधल्या वारसा वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. उघडण्याचे दिवस ऋतूनुसार बदलतात, तेव्हा निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर पाहा.

वास्तुरचनाकार फिलिप वेबने १८५९ मध्ये कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिससाठी आखलेलं हे घर वारसा यादीत पहिल्या श्रेणीत आहे. पोहोचल्यावर लगेच आत शिरू नका. भिंतीभोवती सावकाश फिरा, कारण वेबचा सगळा विचार बाहेरूनच वाचता येतो. त्या काळी सुखवस्तू लोक विटा गिलाव्याखाली झाकत. इथे लाल वीट उघडी आहे आणि वर लाल कौलांचं तीव्र उताराचं छप्पर. खिडक्या एका मापाच्या नाहीत. आतल्या खोलीला जसा उजेड हवा तशी खिडकी: कुठे उंच, कुठे अगदी गोल. वर-खाली सरकणाऱ्या पांढऱ्या खिडक्यांच्या डोक्यावर टोकदार कमानी दिसतील. त्या शोभेच्या नाहीत, वरच्या भिंतीचा भार दोन्ही बाजूंना वळवतात, म्हणून चौकटीवर दाब येत नाही.

दरजा, म्हणजे दोन विटांमधले सांधेही निरखा. अशा जुन्या विटकामात चुन्याचाच मसाला हवा. सिमेंट भरलं की भिंतीतली ओल दरजेतून बाहेर पडत नाही, विटेतच साचते; थंडीत ती गोठून फुगते आणि विटेचा दर्शनी थर सोलून निघतो. दुरुस्तीच्या नावाखाली होणारं हे नुकसान पुन्हा भरून निघत नाही.

आत ओकचा जिना चढताना मान वर करा. छतावरची नक्षी रंगवायला सोपी जावी म्हणून ओल्या गिलाव्यातच टोचून ठेवलेली भोकं अजून दिसतात. दिवाणखाना वरच्या मजल्यावर आहे. तिथे विटांची उंच शेकोटी आणि मॉरिसचा चित्रकार मित्र बर्न-जोन्स याची भित्तिचित्रं आहेत. सातांपैकी तीनच पूर्ण झाली. वर जायला लिफ्ट नाही.

मुख्य खोल्या उत्तरेला आणि पश्चिमेला असल्याने आत गारवा असतो, स्वेटर ठेवा. याच कारणाने दर्शनी दरवाजाचा फोटो सावलीत येतो. काटकोनी घराच्या कुशीतलं अंगण, शंकूसारख्या कौलारू छपराची विहीर आणि मागच्या भिंती सकाळी टिपा. पश्चिमेची, भिंतीबाहेर विटांच्या आधारावर तोललेली खिडकी दुपारनंतर.