बोक्या गेला त्या रात्रीचा हिशेब

बोक्या हे कुत्र्याचे नाव असते का, असे घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारी; पण पिल्लू असताना तो मांजरासारखा चुलीपाशी अंग चोरून झोपे म्हणून आईने ते ठेवले आणि सहा वर्षे तेच टिकले. ऑगस्टमधल्या एका पहाटे तो पडवीत आपल्या गोणपाटावर कुशीवर पडलेला दिसला. हाक मारली तर कान हलला नाही. आदल्या रात्री नऊला त्याने दूधभात खाल्ला होता, साडेदहाला खळ्यात फेरी मारून आला होता आणि मी दाराची कडी लावत असताना शेपटीही हलवली होती. तोंडाला फेस नव्हता, उलटी नव्हती, अंगावर जखम नव्हती. पावसाने जरा उघडीप दिली होती, म्हणून आम्ही घाईने रातांब्याखाली खड्डा खणला आणि सकाळचे नऊ वाजायच्या आत सारे आटोपले.

खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. आजारपण काढून गेलेल्या जनावराचे दुःख होते, पण त्याला निदान एक क्रम असतो. इथे क्रमच नव्हता, त्यामुळे मी तो रचत बसलो. जंताची गोळी दोन महिने लांबली होती, भातात आदल्या दिवशीच्या कालवणाचा कांदा गेला असेल, रात्री तो एकदा कण्हल्यासारखे वाटले तेव्हा मी उठलो नाही, असे सगळे एका कागदावर उतरवून चौथ्या दिवशी मी तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी पेन काढून बऱ्याच ओळींवर काट मारली. एवढ्याशा कांद्याने किंवा लांबलेल्या गोळीने धडधाकट कुत्रा एका रात्रीत जात नाही, असे ते म्हणाले. मग खाली स्वतः तीन शब्द लिहिले: हृदय, प्लीहा, मण्यार. प्लीहेवर, म्हणजे पोटातल्या पाणथरीवर, गाठ असेल तर बाहेरून काही न दिसता ती फुटते आणि पोटात रक्तस्राव होतो. मण्यार रात्री फिरते, तिचे दात इतके बारीक की केसाळ अंगावर खूण सापडणे कठीण, आणि तिच्या विषाने सूज न येता श्वासाचे स्नायू लुळे पडतात. पोटात रक्तस्राव झाला होता का याचा अंदाज घ्यायला, हिरड्या पांढऱ्या होत्या का, असे त्यांनी विचारले. मी पाहिल्या नव्हत्या. शवविच्छेदन केले असते तर बहुधा कळले असते, मात्र त्यासाठी शरीर गोठू न देता थंड ठेवून लगेच न्यावे लागते. हे मला त्या सकाळी कोणी सांगितले असते तरी मी नेले असते का, याची मला खात्री नाही.

आईचे म्हणणे, घरावरचे त्याने आपल्या अंगावर घेतले. मला ते पटत नाही, पण तिच्याशी वाद घातला नाही. तिला निदान झोप लागते.

परवा मी पडवीलगतचा चिऱ्यांचा ढीग एकेक चिरा उचलून हलवला. मण्यार नव्हती, कातही नव्हती. तळाशी नारळाचे एक सोडण होते, एका बाजूने दातांनी पिंजलेले आणि पावसाने काळे पडलेले. डॉक्टरांचा कागद त्याच्या लसीकरणाच्या पुस्तकात ठेवला आहे. त्यावरच्या तीन शब्दांपैकी एकही मी अजून खोडलेला नाही.